नव्वदास एक

इतवारीच्या सराफ्यात शटरं वर जायच्या आत
माझी मावशी बिसनबाई धूळ विकत घ्यायची.
हो, विकत. कारागिरांच्या ओट्याखालची झाडण,
मोरीतला गाळ, फाटक्या चटईची राखसुद्धा,
पोत्याचा भाव ठरवून.
मग नाग नदीच्या काठी, नाकाला पदर लावून,
काठवटीत घोळत बसायची दुपार होईस्तोवर.
माती जायची, वाळू जायची,
तळाशी उरायची भुवईएवढी पिवळी रेघ.

तीही कुणा एकाची नसायची.
एखाद्या नथीची कानसताना झडलेली कड,
कुणाच्या मोडीत निघालेल्या पाटल्या,
वितळलेलं, पुन्हा वितळलेलं,
दर खेपेला डागाचं तांबं थोडं वाढलेलं.
"सोनं भट्टीत जाऊन आलं का
पह्यलं राह्यत नाही, बाप्पा."

आम्ही सोनझरी. मी तेवढा शिकलो,
आणि आता सेमिनरी हिल्सवर एका यंत्रापाशी बसतो.
यंत्र कार्बनचे दोन भाऊ वेगळे करतं,
एक बारा वजनाचा, एक तेरा.
उमरेडचा कोळसा घाला, देवलापारचा संगमरवर घाला,
संत्र्याची वाळकी साल घाला:
नव्वदास एक.
एखादा इकडे, एखादा तिकडे.
त्या एखाद्यावर आमचे पगार चालतात.

रात्रपाळीला पंप घरघरत असतो
तेव्हा मी दुसऱ्यांची मोजमापं वाचतो,
दुर्बिणीवाल्यांची.
आपल्या आसपासच्या ढगांत, ते म्हणतात, सत्तरच्याही खाली,
अडुसष्टला एक.
आकाशगंगेच्या मध्याकडे, जिथे ताऱ्यांची दाटी,
तिथे वीस-पंचवीसलाच एक.

बारा होतो थेट. तीन हेलियम एकमेकांवर आदळले की झाला.
तेराला मात्र आधी कुणाचा तरी बारा लागतो,
दह्याला दूध लागतं तसा.
म्हणजे आधी एक तारा जगून, जळून, विखरून गेलेला हवा,
त्याची राख दुसऱ्याच्या पोटात हवी,
आणि त्यानेही म्हातारपणी फुगून
ती ओकलेली हवी अंधारात.
पहिल्या ताऱ्यांना तेरा जवळजवळ माहीतच नव्हता.
मग पिढी गेली, पिढी गेली, डाग वाढला.
(जड हायड्रोजनचं उलटं:
पहिल्या काही मिनिटांत पडला तेवढाच गल्ल्यात,
तेव्हापासून नुसता खर्च.)

आणि आपण?
साडेचार अब्ज वर्षांपूर्वी
एका ढगाचा कोपरा आकसला, सूर्य झाला,
उरलेल्या झाडणीत आपण.
त्या दिवशीचा जो भाव होता
तोच कोळशात, संगमरवरात, सालीत, नखात.
बाहेर भट्ट्या चालूच राहिल्या.

मावशी शेवटी मेयोत होती, सतरा दिवस.
मला ओळखायची नाही.
नर्सला मात्र रोज विचारायची, "आज काय भाव हाय वं?"
आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच,
"अठराशे. अठराशे तोळा."
काका गेले त्या साली होता तो.
नर्स माझ्याकडे बघायची.
मी म्हणायचो, हो, अठराशेच.

एका संध्याकाळी तिचे केस विंचरले.
फणीत अडकलेले चार कागदात गुंडाळले,
आणि रविवारी, साहेब नसताना,
नोंद न करता यंत्रात घातले.
पंप घरघरला. काटा नाही आता, आकडेच उमटतात,
तरी मी काट्याकडे बघावं तसा बघत राहिलो.

नव्वद. जरासा वर.

सोमवारी तिच्या खाटेपाशी बसलो होतो,
ती चादरीवरची नसलेली धूळ
बोटांनी एकीकडे सारत होती,
घोळत होती, निवडत होती.
बाहेरचा भाव अडुसष्टवर आलाय,
हे काही मी तिला सांगितलं नाही.